मामाने उघडं ठेवलेलं दार

मामाला कांदा दिला तर दुसऱ्या दिवशी तो टोमॅटो आणून द्यायचा. भाकरी दिली तर उकडलेला कंद. रुमाल दिला तर टोपी, नाहीतर रुमालच. पण भाकरीच्या बदल्यात टोपी हे त्याने कधी केलं नाही, आणि कुणी करू लागलं तर तो हात मागे घ्यायचा. दुबईत अल क्वोजच्या कामगार कॅम्पात मी नाना तऱ्हेची माणसं पाहिली. उसनं घेऊन विसरणारी पाहिली, स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला घालणारी पाहिली. मामासारखा काटेकोर माणूस दुसरा पाहिला नाही.

आमच्या खोलीत कासिम होता, रत्नागिरीकडचा, गोदामाच्या पिकअपवर ड्रायव्हर. एका थंडीत मामाने देराच्या बाजारातून भलामोठा यॅम आणला. यॅम म्हणजे आपलं कोनफळच, फक्त आतून पांढरं आणि मांडीएवढं. कासिमला ते इतकं आवडलं की त्याने मामाला नवं कोरं ब्लँकेट देऊ केलं. मामाने घडीसुद्धा मोडली नाही, तसंच परत केलं. कासिम म्हणाला, "अरे मामू, ठंड में मर जाएगा." तेव्हा मामाने ती गोष्ट आम्हाला पहिल्यांदा सांगितली. तो मोडक्या हिंदीत बोलायचा, मी माझ्या भाषेत लिहितो.

"पोटाच्या वस्तूंचं एक घर. अंगावरच्या आणि ठेवणीतल्या वस्तूंचं दुसरं घर. माणसांचं तिसरं. या घरातलं त्या घरात नेलं की मधली भिंत पडते. मग तिथून आत काय येईल ते सांगता येत नाही."

कासिम हसला. मला हसू आलं नाही. त्याने ते ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज मी गावाकडे फक्त भगताच्या तोंडून ऐकला होता.

मामाचं खरं नाव तेरकुला. नायजेरियात बेन्यू नावाची नदी आहे, तिच्या काठचा. टिव नावाचे लोक आहेत, त्यांच्यातला. आमच्या जॉइनरीच्या, म्हणजे सुतारकामाच्या कारखान्याच्या, गोदामावर गेटची सिक्युरिटी त्याच्याकडे. वय माझ्याच आगेमागे, पन्नाशी ओलांडलेलं, उंच, वाळलेला, गालांवर लहानपणी पाडलेल्या जुन्या खुणा. आता अशा माणसाला मामा का म्हणायचे? तर नवा माणूस गेटवर आला की बाकीचे विचारायचे, गाव कुठलं, पगार किती. हा विचारायचा, बहीण आहे का, कुठे दिली, तिकडे सुखात आहे का. पाटणकडच्या पोरांनी दोन दिवसांत त्याचा मामा केला. त्याला मी अर्थ समजावला, आईचा भाऊ. तो खूष झाला. म्हणाला, त्यांच्यात बापाकडच्यांनी छळलं तर माणूस आईच्या माणसांकडे पळून जातो, तिथे त्याला कुणी हात लावत नाही.

मला त्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं, एकच बहीण, हौसा. साट्यात दिली. ज्या घरची मुलगी मी केली, त्याच घरी बहीण दिली. तिचा नवरा म्हणजे माझा मेव्हणा. हुंडा नाही, देणं नाही, घेणं नाही. मामा खुर्चीतून उठून उभा राहिला. माझा हात धरला आणि किती वेळ सोडलाच नाही.

"तुमच्याकडेपण?" मग म्हणाला, "दोघी पोचल्या?"

मी म्हटलं, पोचल्या म्हणजे काय, एका मांडवात दोन्ही लग्नं लागली, एकाच दिवशी. माझी माझ्या घरी आली, हौसा तिच्या घरी गेली.

"मग तू सुखी माणूस आहेस," तो म्हणाला आणि खाली बसला. त्या दिवसापासून सुट्टीच्या दिवशी मी मोबाइल काढला की तो बोट वर करायचा, आधी बहिणीला. मी कुणाचं ऐकणाऱ्यांतला नाही. पण ते ऐकायला लागलो. घरची मंडळी अजून त्यावरून बोलते.

संध्याकाळी ऊन उतरलं की गेटच्या केबिनबाहेर आम्ही दोघं प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसायचो, आणि तो त्याच्या लोकांचं सांगायचा. मी तिसरीपर्यंत शिकलेला, तो पाचवीपर्यंत. त्यामुळे कुणी कुणाला पुस्तक दाखवायचं कारण नव्हतं. त्याच्या लोकांचा मूळपुरुष टिव, त्याला दोन मुलगे, त्यांचे मुलगे, असं करत करत तो स्वतःपर्यंत येऊन थांबायचा. स्वेम नावाच्या डोंगरावरून सगळे खाली उतरले. वाटेत मोठी नदी लागली, तर हिरव्या सापाने आडवं पडून पूल केला आणि सगळे त्याच्या पाठीवरून पार झाले. म्हणून हिरवा साप मारायचा नाही. यात मला काही नवल वाटलं नाही. नागाला आम्हीपण मारत नाही.

भांडण झालं ते राजावरून. तो म्हणाला, आमच्यात राजा नव्हता. मी म्हटलं, असं होत नाही. राजा नसेल तर न्याय कोण करणार? तो म्हणाला, झाडाखाली सगळे बसायचे. कोण कुणाचा भाऊ, कोण कुणाचा चुलता हे मोजायचे, आणि पटेपर्यंत बोलायचे. दोन दिवस लागले तर दोन दिवस. इंग्रज आला तेव्हा त्याने पहिलं विचारलं, तुमचा राजा कोण? आम्ही म्हटलं, हे काय सगळे बसलेत. त्याने एकदा मोजले, दुसऱ्यांदा मोजले, दमला, आणि शेवटी स्वतःच एक राजा करून दिला. हे सांगताना मामा पोट धरून हसायचा. "आमचं नावसुद्धा त्याने आम्हाला विचारलं नाही. शेजाऱ्यांना विचारलं, आणि तेच लिहिलं."

मी तरी हट्टाने म्हणायचो की राजा पाहिजेच. तो म्हणायचा, "तुला फोरमन आहे, त्याच्यावर इंजिनियर, त्याच्यावर मुदीर, सगळ्यांत मोठा साहेब. तू सुखी आहेस?" अजूनही मला राजा पाहिजे असंच वाटतं.

पण सगळं हसण्यासारखं नव्हतं. इंग्रज तारेचे खांब टाकत आले, तेव्हा यांनी विषारी बाण चालवले. त्यांनी वाड्या जाळल्या. मग रस्त्यासाठी, रेल्वेसाठी माणसं धरून नेली. मामाच्या आजाने बेन्यूवरच्या पुलासाठी डोक्यावरून दगड वाहिले होते. मामा म्हणायचा, ते सगळं आजा विसरला. जाळणं विसरला, दगड विसरला. एक गोष्ट विसरला नाही.

आता त्या छोट्या दाराचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गोदामाचं मोठं लोखंडी गेट, आणि त्यात माणूस जाईल एवढं छोटं दार. नियम असा की संध्याकाळी दोन्हीला कडी. मामा मोठ्या गेटला कुलूप घालायचा, पण छोटं दार चार बोटं उघडं ठेवायचा. त्याच्या उंबऱ्यावर कुणी बसलं तर उठवायचा. "तिच्या वाटेत बसू नको," म्हणायचा. पुण्याच्या एका इंजिनियरने ते पाहिलं आणि त्याला वॉर्निंग दिली. मामाने सही केली आणि त्या संध्याकाळीही दार चार बोटं उघडंच. मला वाटलं, म्हातारा नोकरी घालवणार. मी रागावून विचारलं, कोण ती? कोण यायची आहे? तेव्हा त्याने सांगितलं.

त्याच्या आजाला धाकटी बहीण होती. त्यांच्यात तेव्हा लग्नं आमच्या साट्यासारखीच व्हायची. तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. माणसाच्या बदल्यात माणूस, कारण माणसाच्या घरात दुसरं काही चालत नाही. आजाची बहीण नदीपलीकडच्या एका घरी दिली. त्यांची मुलगी लहान होती, मोठी झाली की येईल असं ठरलं. ती मोठी होईपर्यंत इंग्रजाने कायदा केला. साहेब खुर्चीवर बसला, दुभाष्या उभा राहिला, आणि सांगितलं की मुलीला मुलगी हे आजपासून बंद. यापुढे पैसे द्या. पलीकडच्यांनी पैसे पाठवले, वर एक गाय पाठवली. आजाने पैशाला हात लावला नाही. गाय घरात न आणता वाटेवरच्या झाडाला बांधली, आणि तिथेच ती मेली.

आणि वर्षभरात बहीण तिकडे बाळंतपणात गेली. आजाला तिची माती बघायला मिळाली नाही. तो म्हणाला, ती पोचलेलीच नाही. तिच्या बदल्यातली आली नाही, म्हणून ती तिकडची झाली नाही, आणि आपण दिली म्हणून इकडची राहिली नाही. ती वाटेवर उभी आहे. मग घरात पोर आजारी पडलं की वाटेवरची ती. कंद जमिनीत सडले की वाटेवरची ती. आजाने नंतर पैसे देऊनच बायको केली, दुसरा रस्ता नव्हता, पण घराचं दार कधी पूर्ण लावलं नाही. त्याच्या मुलाने लावलं नाही. आता मामा, सात समुद्र ओलांडून आलेला, दुसऱ्याच्या गोदामाचं दार उघडं ठेवून बसला होता.

मी नाव विचारलं तिचं. तो म्हणाला, "माहीत नाही. आजाने परत उच्चारलं नाही. आमच्या मोजणीत बापांची नावं असतात."

त्या दिवसानंतर मीपण त्या उंबऱ्याच्या मधोमध पाय न ठेवता, बाजूने अंग चोरून जायला लागलो. कासिमने विचारलं तर पाय दुखतो म्हणून सांगितलं.

मग ईव्हेरेन आली. पंचविशीची मुलगी, मरीनाच्या एका टॉवरमध्ये क्लीनिंगला. तिला कुणीतरी सांगितलं होतं की अल क्वोजला तुझ्या भाषेचा एक म्हातारा आहे. सुट्टीच्या दिवशी दुपार कलताना ती छोटं दार ढकलून सरळ आत आली. बेल नाही, हाक नाही. मी तिथेच बसलो होतो. त्यांच्या भाषेत बोलणं सुरू झालं, आणि मला एवढं कळलं की मामा तिला तिची मोजणी विचारतोय. कुणाची, त्याच्या आधी कोण, त्याच्या आधी कोण. ती आठवून आठवून सांगत होती, हसत होती. मग हातवारे करून तिने काहीतरी दाखवलं, एक झाड, झाडाखाली काहीतरी. मामाचा चेहरा मातीचा झाला. तिच्यासाठी तो पाणी आणायला उठला आणि केबिनच्या मागे जाऊन उभाच राहिला. मी मागून गेलो.

तो म्हणाला, "ती आली."

नंतर सगळं सांगितलं. ईव्हेरेन त्याच घरची, नदीपलीकडची. तिच्या घरामागे एक जुनं झाड आहे आणि झाडाखाली एक माती आहे, कुणा बाईला पुरल्याची. मुलांना लहानपणी सांगायचे, तिथे खेळू नका, ती परक्यांची आजी आहे, तिचं देणं राहिलंय.

आता तिचं काम काय होतं, तर तिला लग्न करायचं होतं. मुलगा घानाचा, बसवर ड्रायव्हर, जेबेल अलीच्या चर्चमध्ये ओळख झालेली. मुलीचा हात द्यायला तिच्या लोकांतलं मोठं माणूस पाहिजे, आणि इथे तिचं कुणी नव्हतं. म्हणून ती मामाला विचारायला आली होती, बाबा, तुम्ही उभे राहाल का?

मामाने गावी मोठ्या भावाला फोन केला. भाऊ ओरडला नाही, तो म्हणे रडला. म्हणाला, तिला घरी आण. आपल्या घरात बसव, आपल्या मुलाशी लग्न लाव, चार म्हाताऱ्यांसमोर सांग की ती पोचली. मग आपल्या पोरांच्या मागचं हे संपेल. आणि जर तू तिला तिसऱ्याच्या हातात दिलीस, तर आपण दुसऱ्यांदा मुलगी दिली आणि दुसऱ्यांदा हात रिकामे.

मामाने मला विचारलं. मी स्पष्ट सांगितलं, भाऊ बरोबर आहे. साटं म्हणजे साटं, कायदा कुणीही करो. आमच्याकडे एकीकडचं बिनसलं तर दुसरीकडचीही माहेरी येते, इतकं ते पक्कं. तुझ्या दारात आपल्या पायांनी आलेली मुलगी तू सोडणार? त्याने मान हलवली. मला वाटलं, ठरलं.

पुढच्या सुट्टीला त्याने तिला केबिनच्या सावलीत बसवून सगळं सांगितलं. मला कळावं म्हणून अधूनमधून हिंदीत सांगत होता. मुलीला हिंदी येत होती, टॉवरमध्ये शिकली होती. ती आधी हसली. मग तिचं हसू गेलं.

"बाबा, मी कुणाच्या बदल्यातली नाही."

"नाहीस," मामा म्हणाला. "पण मी काय करू? ती उभी आहे."

तिने पायातल्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग म्हणाली, "तुम्हाला मी पाहिजे की ती पाहिजे?"

इंजिनियरची गाडी गेटवर येऊन हॉर्न वाजवत होती, तरी मामा उठला नाही. शेवटी मीच जाऊन गेट उघडलं. परत आलो तेव्हा तो म्हणत होता, "ती."

"मग तिचं नाव घ्या. आमच्या घरी माहीत आहे सगळ्यांना. मातीवर पाणी घालताना आई घ्यायची." आणि तिने ते नाव सांगितलं.

ते नाव मी ऐकलंय, पण इथे लिहिणार नाही. ते माझं नाही. मामाने ते एकदा हळू म्हटलं, मग मोठ्याने म्हटलं, मग छोट्या दाराकडे तोंड करून म्हटलं, जसं जेवायला बोलावताना म्हणतात. दार हललं. वारा होता, मी खोटं सांगत नाही, त्या वेळी वारा होताच. पण कासिम पिकअप धूत होता, तोही पाइप धरून तसाच उभा राहिला.

लग्नात मामाने मुलीचा हात त्या घानाच्या मुलाच्या हातात दिला. अंगावर त्यांचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड पांघरलं होतं, आणि चर्चमधल्या त्या गर्दीत तो एकटाच राजा दिसत होता. मी तसं म्हटलं तर मला कोपर मारलं. त्या संध्याकाळी परत आल्यावर त्याने छोटं दार ओढलं आणि कडी घातली. मुलगी अशी सोडणं मला पटलं नव्हतं. मी म्हटलं, भावाला काय सांगणार? तो म्हणाला, "नाव घेऊन जातो. तो घेईल की नाही, त्याचा प्रश्न. झाडाखाली बसू, पटेपर्यंत बोलू." नदीपलीकडे जाऊन त्या मातीवर पाणीही घालायचं होतं त्याला. व्हिसा संपत आला होता. पुढे वाढवायचा नाही, असं त्याने ठरवलं.

निघायच्या दिवशी ते काळं-पांढरं कापड त्याने माझ्या हातात दिलं. मला रीत माहीत होती. माझ्याकडे त्या दुसऱ्या घरातली, अंगावरच्या-ठेवणीतल्यांपैकी, एकच वस्तू होती, हौसाने तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, तिच्यावरच मी इतकी वर्षं झोपलो होतो. ती दिली. त्याने टाके बघितले, एकेका रंगावर हात फिरवला आणि विचारलं, बहिणीची? मी हो म्हटलं. त्याने बॅगेतले दोन शर्ट काढून कासिमला दिले आणि त्या जागी वाकळ ठेवली. कासिमने आपल्या डोक्यावरची टोपी काढून त्याला घातली. यल्ला, यल्ला म्हणत ड्रायव्हर घाई करत होता.

विमान उतरल्यावर त्याचा फोन आला. अजून गाडीचा मोठा प्रवास होता. म्हणाला, गावी पोचलो की करतो. तो फोन आला नाही. आठवड्याने मी केला, लागला नाही. ईव्हेरेनने तिच्या घरी विचारलं. ती सांगत होती की त्या भागात गावंच्या गावं उठली आहेत, रात्री माणसं येतात आणि जाळून जातात, उरलेले लोक शाळांच्या इमारतीत राहतात. मामाच्या भावाचं गाव रिकामं आहे. कोण कुठे गेलं, कुणाला माहीत नाही. त्या मातीवर पाणी घालायला नदीपलीकडे कुणी आलेलं नाही.

कापड मी सुट्टीवर गेलो तेव्हा हौसाला दिलं. तिने ते देवळीशेजारच्या खुंटीवर लावलंय. माझी बहीण कमी बोलते, पण सुट्टीच्या दिवशी फोन लागला की आधी तेच विचारते.

"दादा, माझी वाकळ पोचली का रे?"

मी म्हणतो, अजून कळलं नाही.

आता गेटवर दुसरा माणूस आहे, केरळचा, नियमाने चालणारा. संध्याकाळी तो दोन्हीला कडी घालतो आणि चहाला जातो. मग मी जॉइनरीतून निघतो, छोट्या दाराची कडी काढतो आणि ते चार बोटं उघडं करतो. मलाही एक वॉर्निंग मिळाली आहे. सही केली.